उकिरडा वेस कोणी बांधली?

(वाचन : नहेम्या, अध्याय 2 व 3)



नहेम्याचा तिसरा अध्याय आपण बहुधा गाळतो. नावांमागून नावे, तीही अवघड उच्चारांची! संडेस्कूलचे शिक्षकही तो मुलांना देत नाहीत. पण शहर कसे उभे राहते हे ज्यास शिकावयाचे आहे त्याने तो सावकाश वाचावा. तेथे सोनार आहेत, अत्तरे करणारा आहे. शल्लूम तर आपल्या मुलींना बरोबर घेऊन तटाच्या कामाला लागला आहे. कित्येकांनी आपापल्या घरासमोरचाच भाग बांधला. आणि उकिरडा वेस? ती मल्कीया नावाच्या एका अंमलदाराने दुरुस्त केली. उलट तकोवाच्या थोर लोकांनी कामाला मान वाकविली नाही, याचीही नोंद शास्त्राने ठेवली आहे.

हा अध्याय आम्हाला आठवला तो इंदूरच्या एका जुन्या हकिकतीवरून. पॅट्रिक गेडिस हे स्कॉटलंडचे गृहस्थ मूळचे जीवशास्त्राचे अभ्यासक. 1914 साली ते हिंदुस्थानात आले, पुढे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले. होळकर दरबारासाठी त्यांनी इंदूरच्या नगररचनेचा अहवाल लिहिला. त्याचे दोन खंड 1918 मध्ये निघाले. शहरात तेव्हा प्लेगची भीती होती. गल्लीबोळांतून हिंडणाऱ्या या दाढीवाल्या साहेबाकडे लोक संशयाने पाहत. तेव्हा त्यांनी एका दिवसापुरता महाराजांचा अधिकार मागून घेतला आणि दिवाळीची मिरवणूक काढली. तिचा नेहमीचा मार्ग सोडून दिला. जे रस्ते लोक स्वतः स्वच्छ करतील, तिकडून मिरवणूक जाणार असे जाहीर झाले. मग काय विचारता! घरोघर झाडलोट सुरू झाली, गाड्या भरभरून कचरा बाहेर पडला. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराचे अवाढव्य सोंग होते. (इतर सोंगांविषयी आमचे मत वेगळे आहे, हे सांगावयास नको.) पण त्याच मिरवणुकीत शहराचे झाडूवाले शुभ्र कपडे घालून, झेंडूची फुले लावून मानाने चालले. ज्यांची सावली लोक टाळीत, त्यांना शहराने त्या दिवशी उजळ माथ्याने पाहिले.

गेडिस यांचे म्हणणे असे की, दाट वस्तीतून सरळ रुंद रस्ता काढण्यासाठी घरे पाडली तर माणसे नाहीशी होत नाहीत. ती शेजारच्या वस्तीत आणखी दाटीने राहतात. म्हणून मोजकी पडकी घरे काढावी, थोडे अंगण मोकळे करावे, झाड लावावे. आणि आधी पायी फिरून पाहावे. नहेम्यानेही तेच केले. कोणाला न सांगता रात्री तट पाहून आला, मग बोलला.

2011 च्या जनगणनेत आपल्या देशाचे सुमारे 37 कोटी 70 लक्ष लोक शहरांत राहत होते. त्यांतले थोडे आमच्या मंदिरामागच्या नाल्याकाठी राहतात. उपासनेच्या वेळी दुर्गंधी येते म्हणून त्या झोपड्या हलवाव्या, असा अर्ज आमच्या कमिटीने केला. त्यावर आम्हीही सही केली आहे. यिर्मयाने बाबेलातील बंदिवानांना परक्या शहराचेही हित पाहावयास सांगितले, यावर आम्ही त्याच महिन्यात उपदेश केला होता!

मग रविवारच्या शाळेच्या एका शिक्षिकाबाईंनी विचारले, "माझ्या वर्गातली नऊ मुले तिथूनच येतात, ती कुठे जाणार?" उत्तर सुचेना. म्हणून एका संध्याकाळी आम्ही तिघेजण भिंतीला वळसा घालून मागे गेलो. इतक्या वर्षांत प्रथमच! नाला तुंबला होता तो आमच्या वाढविलेल्या भिंतीपाशी. लग्नाच्या जेवणावळींचे खरकटे पाणी आमच्याच हॉलच्या मोरीतून तेथे पडत होते. एका आजीबाईंनी आम्हाला बसावयास पाट दिला आणि म्हणाल्या, "साहेब, पावसाळ्यात हे पाणी आमच्या चुलीत येतं."

मोरीचे काम सोमवारी सुरू झाले आहे. अर्ज मागे घेण्याचा ठराव येत्या सभेत येईल. दोघा वडिलांनी आपला विरोध आताच कळविला आहे.