बसवून देतो!

"बसत नाही" हे दोन शब्द आपल्याकडच्या माणसाच्या तोंडून सहसा बाहेर पडत नाहीत. लोकलमध्ये तिघांच्या बाकापाशी चौथा येतो, "जरा सरकता का?" म्हणतो आणि बसतो. अर्धाच बसतो, पण बसतो. थोरल्याची पँट धाकट्याला बसते. पत्रिकेत मंगळ आडवा आला तर गुरुजी त्यालाही कुठंतरी बसवून देतात. चारशे चौरस फुटांच्या जागेत कपाट, दिवाण, देव्हारा आणि 'दोनच दिवसांसाठी' गावाहून आलेले काका हे सगळे बसतात. अशा संस्कारांत माझी सत्तर वर्षं गेली. त्यामुळे आमच्या मोटारीच्या नव्या चाकांनी "आम्ही बसत नाही" असं सांगितलं, तेव्हा मला तो चक्क उद्धटपणा वाटला.

मोटार म्हणजे २००३ साली घेतलेली फियाट पालिओ. ऑफिसने मला वेळेवर निवृत्त केलं. तिला मात्र आरटीओने पंधरा वर्षांनंतर दोनदा पाच-पाच वर्षांची मुदतवाढ दिली. याबद्दल माझ्या मनात किंचित असूया आहे. भाच्याचा मात्र तिच्यावर फार जीव. माझ्या सत्तरीला तो चार अलॉय व्हील्स घेऊन आला. प्रीमियरचा कारखाना ज्या कुर्ल्यात एके काळी फियाट बनवत होता, त्याच कुर्ल्यात आता जुन्या गाड्यांचे सुटे भाग मिळतात. तिथून त्याने ती चौदा हजारांना आणली होती. सात हजार त्याचे, सात हजार माझे. माझ्याच वाढदिवसाच्या भेटीत माझा निम्मा वाटा कसा, हे विचारायचं धैर्य मला झालं नाही.

"मामा, गाडीला नवे बूट!" तो म्हणाला. "गणपतीला हिला नि बाळाला घेऊन कोकणात जाणार तो याच बुटांवर!"

सोसायटीच्या आवारात आम्ही जॅक लावला. पहिले दोन बोल्ट सुखाने गेले. तिसरा कण्हत गेला. चौथा जाईना. भाच्याने पान्यावर पाय ठेवला, मग दोन्ही पाय ठेवले आणि शेवटी तो त्यावर उभा राहिला. चौथाही गेला. "बसला!" तो ओरडला. वॉचमननेही टाळ्या वाजवल्या. त्या एकाच चाकानिशी आम्ही नाक्यापर्यंत गेलो, तर स्टिअरिंग असं थरथरू लागलं की जणू तेच सत्तरीचं आहे. तसेच हळूहळू मिस्त्रींच्या गॅरेजवर पोचलो.

मिस्त्रींनी चाक काढलं, पट्टी लावली आणि म्हणाले, "साहेब, हे शंभरचं आहे. तुमची गाडी अठ्ठ्याण्णवची."

गोष्ट अशी की, चाकाच्या चार बोल्टांच्या मध्यांतून एक वर्तुळ काढलं, तर त्याचा व्यास आमच्या फियाटमध्ये ९८ मिलिमीटर भरतो. पुष्कळशा जपानी आणि कोरियन छोट्या गाड्यांत तो १०० असतो. फरक दोन मिलिमीटरचा! प्रत्येक भोकाच्या वाट्याला एकच. आमच्या घरात शंभरात अठ्ठ्याण्णव पडले असते तर शेजारीपाजारी पेढे वाटले असते. इथे मिस्त्री नापास करत होते.

"अहो, पण बसलं की!" मी म्हणालो.

"बसलं नाही साहेब, बसवलंय," मिस्त्री म्हणाले.

मग त्यांनी समजावून सांगितलं. गाडी बोल्टांवर लटकत नाही. बोल्ट चाकाला हबवर घट्ट दाबून धरतात आणि त्या दाबाने दोन पृष्ठभागांत जे घर्षण होतं, ते ओझं वाहतं. त्यासाठी बोल्टच्या डोक्याखालचा निमुळता भाग चाकाच्या खळगीत सगळ्या बाजूंनी टेकावा लागतो. आमचा बोल्ट एकाच बाजूने टेकला होता. हाताला घट्ट लागतो, पण चालताना सैल होत जातो. घाटात एखाद्या वळणावर तो आपला निर्णय जाहीर करतो.

"भोकं जरा लांबट करून द्या ना," मी सुचवलं. "कानस मारायची. किती, एक मिलिमीटर!"

मिस्त्रींनी माझ्याकडे असं पाहिलं की, मी जणू देवळातला दिवा विझवायला सांगितला होता. "ते मी करत नाही," ते म्हणाले.

पण म्हणून मिस्त्री सोवळे होते असं समजू नका. चाकाचं मधलं भोक आमच्या हबापेक्षा मोठं होतं. "त्याला लेथवर रिंग काढून देतो," ते लगेच म्हणाले. हब आणि चाक यांच्यामधली फट ती रिंग भरून काढते आणि चाक बरोबर मध्यावर येतं. दोन मिलिमीटरच्या फरकासाठीही खास बोल्ट मिळतात. त्यांची निमुळती कॉलर सुटी असते, ती थोडी सरकते आणि खळगीत नीट टेकते. "ते चांगल्यातले मिळाले तर बसवू. नाही मिळाले तर नाही."

आता मी गोंधळलो. म्हणजे या माणसाला जुळवाजुळव मान्य होती. भोक मोठं आहे, तर रिंग घाला, चालतं. अंतर चुकलंय, तर सरकता बोल्ट घाला; चालतं. मग माझ्या कानशीनेच काय पाप केलं होतं?

त्या रात्री मला आजोळची बैलगाडी आठवली. चाकाला धाव बसवायची असली की अंगणात जत्रा भरायची. सुताराने आरे तुंब्यात ठोकून लाकडी चाक तयार केलेलं असे. लोहार दोरीने त्याचा घेर मोजी आणि लोखंडी धाव मुद्दाम त्याहून थोडीशी लहान करी. म्हणजे धाव बसत नव्हतीच! मग गोवऱ्यांच्या आगीत ती लाल होईपर्यंत तापवत. तापून ती वाढली की चिमट्यांनी धरून चाकावर चढवत, घणाने ठोकत आणि वरून घागरी ओतत. वाफ, धूर, आरडाओरडा! निवता निवता धाव आकसायची. चाकाचे सगळे सांधे कुरकुरत आवळले जायचे आणि जे चाक सकाळी खुळखुळत होतं, ते संध्याकाळी दगडासारखं घट्ट व्हायचं. तिथे बळजबरी माझ्या कानशीपेक्षा किती तरी जास्त होती. तरी त्याला कुणी फसवणूक म्हटलं नसतं.

आणि शाळेच्या कोपऱ्यावरचा सायकलवाला! वाकड्या चाकाचा आऊट काढताना तो एक तार आवळी, समोरची सैल करी आणि चाक फिरवून एक डोळा मिटून बघत राही. तोही बसवूनच देत होता.

तेव्हा प्रश्न 'बसवावं की नाही' हा नव्हताच. जुळवून घेतल्याशिवाय चाकही चालत नाही आणि घरही चालत नाही. आमच्या लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली. त्यात रिंगा किती घातल्या याचा हिशेब आम्ही दोघांनीही ठेवलेला नाही. तिला पहाटे पाचला जाग येते, मला आठला. या तीन तासांच्या फटीत 'चहाचं आधण आपलं आपण ठेवणे' नावाची रिंग आहे. ती दोघांनाही दिसते, दोघांनाही ठाऊक आहे. पण कानशीचं तसं नाही. ती फट भरत नाही, ती बोल्टला फट असल्याचं कळूच देत नाही. बाहेरून बघणाऱ्याला चार बोल्ट चारी जागी दिसतात.

आणि हे लिहिताना मला माझं ऑफिस आठवतं. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत एका गुदामाच्या जिन्याच्या दुरुस्तीचं टिपण माझ्यापुढे आलं होतं. मी जिना बघायला जायला हवं होतं. पाऊस होता, साहेबांना घाई होती. मी टेबलाशी बसूनच 'तपासले, योग्य आढळले' असं लिहून सही केली. काही झालं नाही. जिना आजही उभा असेल. पण पुढे दोन पावसाळे कुठूनही फोन आला की माझ्या पोटात गोळा यायचा. टिपण फाइलीत बसलं होतं. माझी भोकं मात्र लांबट झाली होती.

आठवड्याने बोल्ट आले, रिंगा निघाल्या, तीन चाकं व्यवस्थित बसली. चौथं चाक हातात घेऊन मिस्त्री थबकले. आतल्या कडेला रंग जरा जाड होता. त्यांनी तो खरवडला, तिथे रॉकेल लावलं, थोड्या वेळाने स्वच्छ पुसलं आणि वर खडू घासला. आम्ही बघत राहिलो. काही मिनिटांनी पांढऱ्या खडूवर एक बारीक ओली रेघ उमटली. चीर होती. आत शिरलेलं रॉकेल खडूने बाहेर ओढून घेतलं होतं. कुणीतरी ती पूर्वी वेल्डिंगने बुजवून वर चंदेरी रंग दिला होता आणि वेल्डिंगच्या शेजारून ती पुन्हा चालू लागली होती.

"पुन्हा वेल्ड करा की," भाचा म्हणाला.

"दादा, हे चाक कारखान्यात तापवून, निववून कणखर केलेलं असतं. वेल्डिंगची आच लागली की तेवढी जागा मऊ पडते. वरून दिसत नाही. लोखंडी चाक वाकतं आणि वाकलं की सांगतं. हे सांगत नाही, एकदम तुटतं."

"मग स्टेपनी म्हणून डिकीत ठेवू. लागतेय कुठे रोज!"

हे 'स्टेपनी' प्रकरण मोठं गमतीचं आहे. वेल्समधल्या लानेली गावात स्टेपनी स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. तिथे १९०४ च्या सुमाराला जादा चाकाचा धंदा सुरू झाला आणि त्या रस्त्याचं नाव आपल्याकडच्या प्रत्येक डिकीत जाऊन बसलं. पण स्टेपनी कधी लागते? रात्री, पावसात, घाटात, बाळ रडत असताना. म्हणजे खोटेपणा नेमका संकटकाळासाठी राखून ठेवायचा! भाच्याच्याही ते ध्यानात आलं असावं. तो गप्प झाला.

तीन चाकांचा संच काय कामाचा? मिस्त्रींनी तो काढून ठेवला आणि जुनी लोखंडी चाकं परत चढवली. अलॉय चाकं आमच्या बाल्कनीत जाऊन बसली. सौभाग्यवतींनी एकावर तुळशीची कुंडी ठेवली.

आणि मग खरी परीक्षा आली. चौथ्या मजल्यावरचा एक मुलगा, नवं लग्न झालेला, एका संध्याकाळी येऊन म्हणाला, "काका, ती चाकं विकायचीत ना? माझ्या गाडीला शंभरचीच लागतात. बारा हजार देतो."

बारा हजार! मी मनातल्या मनात सहा भाच्याला देऊनही टाकले. चिरेवर मिस्त्रींनी खरवडलेली जागा आतल्या बाजूला होती, भिंतीकडे. मुलाने चाकांवरून हात फिरवला. "छान आहेत. काही प्रॉब्लेम नाही ना काका?"

वाचकहो, त्या प्रश्नाला 'नाही रे' हे उत्तर किती सहज बसत होतं! मी काही खोटंही बोलणार नव्हतो. तीन चाकांत खरंच काही प्रॉब्लेम नव्हता. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता. आमची ही ऐकत होती.

मी आत जाऊन देवघरातून रांगोळीचा खडू आणला. रॉकेल नव्हतं, पण त्याची गरज पडली नाही. मी चाक वळवलं, त्याच्यापुढे धरलं आणि चिरेवरून खडूने एक जाड रेघ ओढली. "हे बघ," म्हटलं, "आणि मग सांग."

त्याने बघितलं आणि चाकं घेतली नाहीत. जाताना "थँक यू काका" म्हणाला. ते बारा हजारांना फारच महाग पडलं. त्या मुलाला मी चाक वळवून दाखवू शकलो, तेव्हा मला मिस्त्रींचा नियम कळला. रिंग, सरकता बोल्ट, लोहाराची धाव हे सगळं गाडीत बसणाऱ्याला बोलावून, दाखवून करता येतं. जी जुळवाजुळव त्याला दाखवता येत नाही, ती त्याच्या जिवावर केलेली असते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात गाडीत किती फेरफार करावेत याला ५२ वं कलम आहे. माणसाने स्वतःत किती करावेत याला कलम नाही, म्हणून त्याला खडू जवळ ठेवावा लागतो.

पुढे तीन चाकं भाच्याने तीनच म्हणून सांगून विकली. चिरेचं चाक भंगारात देण्याआधी मिस्त्रींनी घणाने फोडलं. "नाहीतर कुणीतरी परत रंग देईल," ते म्हणाले.

गणपतीला भाचा जुन्या लोखंडी चाकांवर कोकणात गेला. एका खड्ड्यात पुढचं चाक वाकलं. त्याने लगेच सांगितलं, म्हणजे चाकाने. गाडी एका बाजूला थडथडू लागली. रस्त्याकडेच्या गॅरेजवाल्याने ठोकून सरळ केलं आणि दोनशे रुपये घेतले. बाळ सगळा वेळ झोपलं होतं.

परत आल्यावर भाचा गाडी लावून वर आला. "मामा, दिसायला गाडी अगदीच साधी दिसते हो," तो म्हणाला.

"दिसू दे," मी म्हटलं. "बस जरा. सरकतो मी."