नाटकानंतरचं जेवण

१८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणलं. पुढे बालगंधर्वांच्या काळात ‘वन्स मोअर’ घेता घेता प्रयोग पहाटेपर्यंत लांबत. आता रात्रीच पडदा पडतो, पण पद कानातून जात नाही. म्हणूनच नाटकानंतरचं जेवण मला फार मोलाचं वाटतं. समोर गरम पिठलं-भाकरी, आजोबांची बोटं टेबलावर ठेका धरतात आणि ते ‘कट्यार काळजात घुसली’मधले वसंतराव देशपांड्यांचे खाँसाहेब कसे उभे राहत, हे नातीला सांगू लागतात. तीही घास हातात धरून ऐकते! या आठवड्यात जवळपास प्रयोग असेल, तर घरातल्या ज्येष्ठांचंही तिकीट काढा. आणि जेवायला निवांत बसा. त्यांना बोलू द्या.