वंशावळीत न लिहिलेले

हैदराबादेतील जुन्या मराठी घरांत आणखी काही उरले नसले, तरी वंशावळ जपलेली असते. निजामाच्या चाकरीत कोणता पूर्वज आला, कोण कोणाच्या घरी दत्तक गेला, हे आम्हांला तोंडपाठ असते. पणजी कशाने गेली असे विचारले, तर मात्र ‘छातीत गाठ झाली होती’ एवढे दबल्या आवाजात सांगून विषय बदलला जातो. हे मौन योग्य आहे काय?

बीआरसीए-१ या जनुकाचा शोध १९९४ साली लागला आणि बीआरसीए-२ चा १९९५ साली. पेशींतील डीएनएची मोडतोड दुरुस्त करणे हे त्यांचे काम. त्यांत जन्मतःच दोष असला, तर स्तनाच्या व अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका पुष्कळ वाढतो. स्तनाच्या कर्करोगापैकी आनुवंशिक असे शेकडा ५ ते १० च. परंतु त्यामागचे दोष समाजागणिक निरनिराळे असतात. अश्केनाझी ज्यूंमध्ये सुमारे ४० जणांत एकाकडे तीन ठरावीक दोषांपैकी एखादा आढळतो. आइसलँडमध्ये बीआरसीए-२ मधील एकाच दोषाचे प्राबल्य आहे. मोजक्या पूर्वजांपासून वाढलेला आणि आपसांतच सोयरीक करणारा समाज पूर्वजांचे दोषही पुढे नेतो.

हे वर्णन आपल्याला परके नाही. हबसीगुड्याच्या सीसीएमबी संस्थेतील कुमारसामी थंगराज आणि त्यांच्या देशी-विदेशी सहकाऱ्यांनी २०१७ साली दक्षिण आशियातील २६० हून अधिक गटांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी ८१ गटांत मोजक्या पूर्वजांची ही छाप अश्केनाझी ज्यूंपेक्षाही ठळक आढळली. तथापि, जातीवरून निदान होत नाही. ज्यूंचा म्हणून ओळखला गेलेला बीआरसीए-१ मधील एक दोष ज्यूंशी संबंध नसलेल्या दक्षिण भारतीय कुटुंबांतही सापडला आहे. म्हणून डॉक्टरांना समाजाच्या नावापेक्षा घरातील आजारांचा इतिहास अधिक उपयोगी पडतो.

तो इतिहासच आपण अर्धा ठेवला आहे. वंशावळीत लेकींची नावे बहुधा नसतात. हा दोष मात्र आईकडून येतो तसा बापाकडूनही येतो. बाप निरोगी राहूनही तो लेकीला देऊ शकतो, आणि प्रत्येक अपत्याकडे तो जाण्याची शक्यता निम्मी असते. सासरी गेलेल्या आत्याचा आजार म्हणूनच भाचीच्याही कामाचा असतो.

मौनामागे भय आहे, ते आम्ही हलके मानीत नाही. बोलणे बाहेर गेले तर मुलीची सोयरीक मोडेल, ही धास्ती खोटी नव्हे. चाचणी करावी की नाही, हेही जिचे तिने ठरवावे. न जाणण्याचाही तिला अधिकार आहे. परंतु आपण घरातील गोष्ट दडवली, तर तिच्यासाठी तो निर्णय आपणच परस्पर घेतलेला असतो. वेळीच कळले, तर तिला नियमित तपासणीचा किंवा प्रतिबंधक शस्त्रक्रियेचा विचार तरी करता येतो. गावभर सांगू नये, हे खरे. पण रक्ताच्या माणसांपासून लपवण्याचा अधिकार आम्हांला आहे, असे वाटत नाही.

वंशावळीची नवी प्रत करताना लेकींची नावे लिहावीत, आणि कोण कोणत्या वयात कशाने गेले, याची घरापुरती वेगळी नोंद ठेवावी. पणजीच्या आजारात लाजण्यासारखे काही नव्हते. पणतीला ते ठाऊक असणे मात्र आवश्यक आहे.