वर्गणीची वही

मराठीतल्या 'वर्गणी' या शब्दाला आपल्या इतर भाषांत सख्खी भावंडं आहेत. हिंदीत चंदा, बंगालीत चांदा, गुजरातीत फाळो, कन्नडमध्ये वंतिगे, मल्याळममध्ये पिरिवु. गणपतीसाठी, दुर्गापूजेसाठी, वाचनालयासाठी, कधी एखाद्या निराधाराच्या सरणाच्या लाकडांसाठी दारोदार फिरून पैसे गोळा करायचे, ज्याची जशी ऐपत तसे घ्यायचे आणि काम संपलं की जमाखर्च सगळ्यांना दिसेल असा फळ्यावर लिहायचा, ही रीत थोड्याफार फरकानं सगळीकडे आहे. 'अनुदान' हा शब्द मात्र बऱ्याच भाषांत एकसारखा संस्कृत आणि एकसारखा सरकारी. तो खालून गोळा होत नाही, वरून मंजूर होतो. त्याचा हिशेबही वरच जातो.

गेली काही वर्षं मी नागपुरातल्या एका निधीच्या निवड समितीवर आहे. वस्तीतल्या लोकांनी स्वतः ठरवलेल्या, स्वतः करायच्या कामांना हा निधी पंचवीस हजारांपासून लाखभरापर्यंत रक्कम देतो. रक्कम लहान असल्यामुळे मोठा नैतिक प्रश्न उद्भवत नाही, अशी आमच्यातल्या काहींची समजूत आहे. मला उलटंच वाटत आलं आहे. कोटींच्या योजनेत देणारा आणि घेणारा एकमेकांना कधी भेटतच नाहीत, मधे खाती असतात, ठेकेदार असतात. चाळीस हजार देताना समोर माणसं बसलेली असतात आणि आपण त्यांच्यावर नेमका किती विश्वास टाकतो ते लपवता येत नाही.

एक अर्ज सांगतो. नाल्याकाठची सत्तरेक घरांची वस्ती, काही घरं भंडारा-गोंदियाकडची, काही छत्तीसगडी. बायकांनी साठ हजार मागितले होते, वस्तीपासून डांबरी रस्त्यापर्यंत फरशीची पायवाट करायला. 'अपेक्षित परिणाम' या रकान्यात लिहिलं होतं: 'पावसाळ्यात बाळंतीण रस्त्यापर्यंत पायी जाईल.' समितीतल्या एकांनी विचारलं, हे मोजणार कसं? दुसऱ्यांनी मनापासून सुचवलं की बाळंतपणांची संख्या घेता येईल. चर्चा वीस मिनिटं चालली. मंजुरी मिळाली, पस्तीस हजार आधी, पंचवीस काम अर्धं झाल्यावर.

बायकांनी तीन दुकानांत सिमेंटचा भाव काढला. मिस्त्री वस्तीतलाच घेतला. रेती शेजारच्या बांधकामावरची उरलेली मागून आणली. आणि शाळेच्या दोनशे पानी वहीत सगळं लिहिलं: पोती, मजुरीचे दिवस, कोणी किती घमेली वाहिली, खाली सह्या आणि अंगठे. निधीच्या लेखापालाला पक्की बिलं हवी होती. मिस्त्रीकडे बिलबुक कुठून असणार? वही पाहायला मी गेलो तेव्हा त्यातली वयानं मोठी बाई म्हणाली, "भाऊ, मिस्त्री बिल देत नाही. पण त्यानं कोणाच्या घरी चाय पेली थेबी लिवलं हाये आमी."

साक्षीदारांच्या सह्यांची पावती चालवून घ्यावी, असं मी बैठकीत मांडलं. बहुमत विरुद्ध गेलं, दुसरा हप्ता अडकला. वस्तीनं घरटी वर्गणी काढली आणि मृगाच्या आधी वाट पुरी केली. निधीच्या वार्षिक अहवालात त्या वाटेचं छायाचित्र आलं, खाली एकच शब्द होता: लोकसहभाग.

या शब्दाबद्दल मला जुना संशय आहे. 25 डिसेंबर 2002 रोजी केंद्र सरकारनं स्वजलधारा योजना सुरू केली. गावाच्या पाणीयोजनेच्या खर्चातला दहा टक्के वाटा गावानं भरायचा, म्हणजे नळ गावाला आपला वाटेल, अशी कल्पना. कल्पना वाईट नव्हती. पण लोकवाटा भरायच्या योजना ज्यांनी जवळून पाहिल्या आहेत त्यांना माहीत आहे की कित्येक ठिकाणी गावाचा वाटा ठेकेदारच भरून टाकायचा आणि कामातून वसूल करायचा. कागदावर लोकांनी पैसे भरले, प्रत्यक्षात लोकांना विचारलंही गेलं नाही. वर्गणीचा आकार घेतला आणि वही टाकून दिली की असं होतं.

याहून अवघड आक्षेप दुसरा आहे. सिव्हिल लाइन्समधल्या माणसाला आपल्या घरासमोरच्या रस्त्यासाठी सभा भरवावी लागत नाही, घमेलं उचलावं लागत नाही, त्या रस्त्यानं कोणता परिणाम साधला जाईल हे रकान्यात लिहावं लागत नाही. रस्ता महानगरपालिका करते. मग दिवसभर धुणीभांडी करून आलेल्या बाईनंच रात्री नऊ वाजता 'समुदायाचं नेतृत्व' का करायचं? लहान अनुदानं वाटून आपण सरकारला जबाबदारीतून मोकळं करत नाही का? माझे एक मित्र कामगार चळवळीत आयुष्य घालवलेले आहेत, ते म्हणतात की ही गरिबांकडून घेतलेली वेठ आहे, फक्त तिला हार घातला आहे. मला त्यांचं म्हणणं खोडता आलेलं नाही. हक्काची गोष्ट स्पर्धेत जिंकून मिळवावी लागणं हा अन्याय आहे, आणि आमची निवड समिती त्या अन्यायाचा एक भाग आहे.

तरीही मी समिती सोडलेली नाही. का, ते सांगायला थोडं लांब जावं लागेल. 2009 मध्ये आशियातल्या गृहहक्क संघटनांच्या आघाडीनं बँकॉकहून एक कार्यक्रम चालू केला. आशियाच्या निरनिराळ्या शहरांतल्या गरीब वस्त्यांना लहान कामांसाठी पैसे द्यायचे. एका कामाला जास्तीत जास्त तीन हजार डॉलर, आणि एका शहरात निदान पाच वस्त्यांत कामं व्हायला हवीत. ही पाचाची अट मला फार शहाणपणाची वाटते. एकाच वस्तीला पैसे मिळाले असते तर तिचं देणाऱ्याशी नातं जुळलं असतं. पाच वस्त्या म्हटल्यावर त्या एकमेकींकडे जाऊन बघू लागतात, तुमची गटार इतक्या स्वस्तात कशी झाली म्हणून विचारतात, आणि मग पाचही जणी मिळून नगरपालिकेच्या दारात उभ्या राहतात. रक्कम इतकी तोकडी की तिच्यात काम पुरं होत नाही. उरलेल्यासाठी कुणाकडे तरी जावंच लागतं. आमच्या वस्तीतल्या बायका पुढच्या वर्षी नाल्याच्या भिंतीसाठी नगरसेवकाकडे गेल्या तेव्हा तीच वही घेऊन गेल्या. साठ हजारांत सत्तर घरांनी काय केलं ते हे आहे, आता तुमच्या अंदाजपत्रकात किती लावलेत ते दाखवा, असं त्यांनी विचारलं. भिंत अजून झालेली नाही. पण विचारणारा आणि उत्तर देणारा यांच्या जागा त्या दिवशी बदलल्या होत्या.

वही इतकं करू शकते हे आपल्याकडे राजस्थाननं आधीच दाखवलेलं आहे. 2 डिसेंबर 1994 रोजी पाली जिल्ह्यातल्या कोट किराना गावात मजदूर किसान शक्ती संघटनेनं पहिली जनसुनवाई घेतली. सरकारी कामांची हजेरीपत्रकं आणि बिलं गावासमोर मोठ्यानं वाचली गेली. ज्यांची नावं कागदावर होती तीच माणसं समोर बसून ऐकत होती, आणि कागद खरं बोलतो का हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. 'हमारा पैसा, हमारा हिसाब' ही घोषणा त्या चळवळीनं देशभर नेली, पुढे 2005 च्या माहिती अधिकार कायद्यापर्यंत ती पोचली. कराचा पैसा ही मुळात वर्गणीच आहे, काडेपेटीवरही सगळ्यांकडून घेतलेली, आणि म्हणून हिशेब सगळ्यांना द्यायचा, इतकी साधी गोष्ट मांडायला चाळीस दिवसांच्या मजुरीसाठी भांडणारी माणसं पुढे यावी लागली.

तेव्हा लहान अनुदान द्यावं की देऊ नये, यापेक्षा हिशेबाचं तोंड कुणाकडे आहे हे मला अधिक महत्त्वाचं वाटतं. लेखापालाला बिल नको असं मी म्हणत नाही. त्यालाही उद्या कुणाला तरी उत्तर द्यायचं असतं, आणि सिमेंटच्या दुकानातून बिल घेता येतं. पण शेजाऱ्यांच्या सह्या असलेली वही बिलापेक्षा कच्ची धरायची, हा निर्णय हिशेबशास्त्रातून आलेला नाही. गरीब माणूस खोटं लिहील आणि छापील कागद लिहिणार नाही, या समजुतीतून तो आला आहे.

मात्र वहीलाही मी पवित्र मानत नाही. 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत बोलताना डॉ. आंबेडकरांनी खेड्याच्या गोडव्यांचा जो समाचार घेतला, तो 'रहिवाशांनी ठरवलं' हे शब्द ऐकताना दर वेळी आठवावा असा आहे. रहिवासी म्हणजे कोण? सभा भरवता येते त्यालाच अर्ज करता येतो, आणि सभा कुणाच्या ओट्यावर भरते यावर कोण येणार हे ठरतं. भाडेकरू येत नाहीत. रात्रपाळीवाले येत नाहीत. काही घरांना बोलावणंच जात नाही. आपल्या गावांत जत्रेची वर्गणी काही घरांकडून घेतली जात नसे, कुठे कुठे आजही घेत नाहीत. पैसे वाचले म्हणून त्या घरांना कधी आनंद झालेला नाही. ज्याचा रुपया घेतला त्याला हिशेब विचारता येतो, म्हणून तो रुपया घ्यायचाच नाही.

गेल्या वर्षापासून माझ्या आग्रहावरून आमच्या अर्जात एक रकाना वाढला आहे: वस्तीतल्या कोणत्या घरांकडून वर्गणी घेतली नाही, आणि का? बहुतेक अर्जांत तो कोरा येतो. काहींत 'भाडेकरू आहेत' किंवा 'बाहेरगावी असतात' असं असतं. या खेपेला एका अर्जात, पाण्याच्या टाकीसाठीच्या अतिशय नेटक्या अर्जात, चार घरांचे क्रमांक आणि पुढे तीन शब्द आहेत: 'त्यांची घेत नाही.' अर्ज अजून आमच्या टेबलावर आहे. बिलं नाकारणाऱ्या सदस्यांनी या अर्जात काही उणं काढलेलं नाही.