बियाण्याचा धनी कोण?

मृग नक्षत्र जवळ आलें म्हणजे आमच्या वर्धा जिल्ह्यांतील शेतकरी तालुक्याच्या बाजारीं जातो आणि कपाशीच्या बियाण्याचीं पाकिटें घेऊन येतो. त्याचा आजा घरचीच सरकी राखून पेरीत असे; नातवाला मात्र दर साल नवें पाकीट घ्यावें लागतें. पाऊस रुसला तर पीक बुडतें, पण पाकिटाचें कर्ज बुडत नाहीं. अशा वेळीं निंबाखालीं बसलेला एखादा वडील माणूस विचारतो, "बीज तर देवाचें, मग त्याचा धनी दुसरा कोण, आणि त्याचें मोल दर साल कां?" प्रिय वाचकहो, हा प्रश्न भोळा नाहीं. त्याचा आज आपण शांतपणें विचार करूं.

प्रथम बीज कसें होतें तें पाहूं. उदाहरण धानाचें घेऊं. कारण पुढें सांगावयाची हकीकत धानाचीच आहे. धानाच्या लोंबींतील प्रत्येक फुलांत सहा पुंकेसर व एक बीजकोश असतो. फूल दिवसा थोडाच वेळ उघडतें आणि बहुधा त्याचाच पराग त्याच्याच बीजकोशाला मिळतो. शेजारच्या रोपाचा पराग लागणें क्वचितच घडतें. म्हणून घरीं राखलेलें धानाचें बीं पेरलें तर जसे आईबाप तसेंच लेकरूं निपजतें. परंतु दोन भिन्न वाणांचा संकर केला, तर पहिली पिढी जोमदार होते खरी, पण तिचें बीं पुन्हां पेरलें म्हणजे गुण फुटून निरनिराळ्या वाटांनीं जातात; एक रोप उंच, एक ठेंगणें, एक उशिरां पिकणारें. गुणांच्या या वांटणीचा नियम ब्रनो येथील मेंडेल नांवाच्या मठवाशानें वाटाण्यांवर प्रयोग करून १८६५ सालीं सांगितला. कपाशीचा संकरित वाण १९७० सालीं सुरत येथें सिद्ध होऊन शेतकऱ्यांच्या हातीं आला, त्यालाही हाच नियम लागू आहे. तेव्हां पाकीट दर साल घ्यावें लागतें यांत सगळेंच व्यापाऱ्याचें कपट नाहीं. कांहीं अंशीं तो सृष्टीचाच नियम आहे.

आतां हकीकत ऐका. चंद्रपूर जिल्ह्यांत, नागभीड तालुक्यांतील नांदेड या खेड्यांत दादाजी रामाजी खोब्रागडे नांवाचे शेतकरी राहत असत. शिक्षण जेमतेम, जमीन थोडी. १९८३ सालीं 'पटेल ३' वाणाच्या आपल्या बांधींत त्यांना तीन लोंब्या इतरांहून वेगळ्या दिसल्या. दुसऱ्या कोणीं त्या कापून सगळ्या धानांत मिसळून टाकल्या असत्या. दादाजींनीं त्या निराळ्या राखल्या, पुढल्या सालीं निराळ्या पेरल्या, रानडुकरांच्या भयानें भोंवतीं कांटे लावले, आणि वर्षानुवर्षें निवड करीत बारीक दाण्याचा, चवदार व भरपूर पिकणारा वाण सिद्ध केला. शेजाऱ्यांनीं त्यांच्याकडून बियाणें नेलें. १९९० च्या सुमारास एका व्यापाऱ्यानें तो माल घेतला आणि त्या दिवसांत लोकांच्या आवडीचें जें घड्याळ होतें, त्याचें नांव त्याला दिलें. तोच आपल्या ताटांतील एचएमटी तांदूळ.

१९९४ सालीं कृषि विद्यापीठाच्या सिंदेवाही येथील केंद्रानें दादाजींकडून पांच किलो बियाणें नेलें, आणि १९९८ सालीं तो वाण शुद्ध करून पीकेव्ही-एचएमटी या नांवानें प्रसिद्ध झाला. त्या नांवांत विद्यापीठ होतें, घड्याळही होतें, दादाजी नव्हते. पुढें २००५ सालीं राष्ट्रपति डॉ. अब्दुल कलाम यांच्या हस्तें त्यांचा गौरव झाला, पण गौरवानें चूल पेटत नाहीं. आजारपण व पैशाची ओढाताण सोशीत ते जून २०१८ मध्यें निवर्तले.

येथें कोणी म्हणेल, "दादाजींनीं तो वाण कोठें निर्माण केला? तो तर शेतांत आपोआप उगवला होता." हें खरें आहे. असा फरक कधीं चुकार परागानें पडतो, कधीं बीजांतील गुणच पालटतो. मनुष्य तो घडवीत नाहीं, तो पाहतो आणि राखतो. परंतु मग शुद्ध करणाऱ्यानें तरी काय निर्माण केलें? त्यानेंही पाहिलें, निवडलें व राखलें. एकाच्या निवडीला शास्त्र म्हणावें व दुसऱ्याच्या निवडीला दैव म्हणावें, हें घेण्याचें माप मोठें व देण्याचें माप लहान ठेवणाऱ्या दुकानदारासारखें झालें. न्यायाचें माप एकच असतें.

आमच्या मतें वडील माणसाच्या प्रश्नाचें उत्तर असें आहे: बीज कोणाचेंच नाहीं, पण श्रम ज्याचे त्याचेच आहेत. मजूर मजुरीला पात्र आहे; मग तो नांगर धरो, सूक्ष्मदर्शकांतून पाहो किंवा तीन लोंब्या ओळखो. मात्र मजुरी निराळी व मालकी निराळी. विहीर खणणाऱ्याला त्याचे दाम द्यावेत. तेवढ्यानें भूमींतील झरा त्याचा होत नाहीं.

हा भेद पुढें अधिकच महत्त्वाचा होणार आहे. दादाजी गेले त्याच वर्षाच्या डिसेंबरांत कॅलिफोर्नियांतील डेव्हिस येथील विद्यापीठांत वेंकटेशन सुंदरेशन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं एक शोध प्रसिद्ध केला. धानाच्या अंडपेशींत एक विशिष्ट जनुक जागृत केलें, तर परागावांचूनच गर्भ धरतो; आणि पेशीच्या विभागणींतही योग्य पालट केला, म्हणजे बीं हुबेहूब आईसारखें होतें. २०२२ सालीं संकरित धानांत असें बीं शेंकडा ९५ हून अधिक मिळाल्याचें प्रसिद्ध झालें. याचा अर्थ, जोमदार संकरित धानाचें बीं शेतकऱ्याला घरीं राखतां येईल असा मार्ग प्रयोगांत उघडला आहे. आजवर सृष्टीचा नियम आड येत होता. उद्यां आड आलाच तर मनुष्य येईल.

आपल्या देशाच्या २००१ च्या कायद्यानें शेतकऱ्याला आपल्या शेतांतील बियाणें राखण्याचा, पेरण्याचा, शेजाऱ्याला देण्याचा व विकण्याचाही हक्क दिला आहे. मात्र संरक्षित वाण नाममुद्रा लावून विकतां येत नाहीं. वाण सिद्ध करणाऱ्या शेतकऱ्यालाही त्यांत स्थान आहे. हें प्रत्येक गांवांत वाचून दाखवावें. परंतु कायदा हक्क देतो, कृतज्ञता देत नाहीं; ती आपणच शिकावी लागते.

म्हणून यंदा कोणाकडून पायलीभर बीं आणाल, तर कोणाच्या शेतांतलें तें विचारा आणि त्याचें नांव आपल्या लेंकरांना सांगा. आणि कापणीच्या दिवशीं विळा चालवितांना डोळे उघडे ठेवा. वेगळी लोंबी आपल्याही बांधींत उभी असेल.