उशिराची किंमत

पोखर्णीसारख्या गावातला माणूस "तोंड आलंय" म्हणत दवाखान्यात जातो, बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या घेऊन परततो. बहुतेकदा तेवढ्यानं भागतं. पण जिथं तंबाखूची गोळी धरतो, तिथंच फोड असेल आणि तो तीन आठवड्यांत भरला नसेल, तर तुकडा काढून तपासायला हवा. ते राहून गेलं, सहा महिन्यांनी मानेला गाठ आली आणि छत्रपती संभाजीनगरला गेल्यावर कर्करोग निघाला. आता दाद मागायची, तर कशाची?

पाय चुकीचा कापला तर नुकसान डोळ्यांना दिसतं. इथं आजार आधीपासून होता, तो डॉक्टरनं दिलेला नाही. गेला तो वेळ. म्हणून त्या वेळात काय होऊ शकलं असतं, हे दाखवावं लागतं.

इंग्लंडमध्ये ग्रेग विरुद्ध स्कॉट या खटल्यात हाच पेच होता. काखेतली गाठ डॉक्टरनं साधी चरबीची ठरवली. निदानाला नऊ महिने उशीर झाला. बरं होण्याची शक्यता ४२ टक्क्यांवरून २५ वर आली. २००५ मध्ये न्यायाधीशांनी तीन विरुद्ध दोन अशा मतांनी दावा फेटाळला: शक्यता मुळातच निम्म्याहून कमी होती, म्हणून उशिरानं बरं होणं हुकलं असं सिद्ध होत नाही. मला हे पटत नाही. सतरा टक्के गेले ते त्या माणसाचेच होते. आणि जगणं-मरणं एवढाच हिशेब का धरायचा? लहान जखम वेळेत काढली, तर जबडा वाचतो. उशीर झाला की अर्धा जबडा जातो, आणि वाचलेला माणूस भाकरी दुधात कालवून गिळतो. ती भाकरीही भरपाईत मोजली पाहिजे.

वेळेची किंमत मराठवाड्यानं जगाला मोजून दाखवली आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात लाखाहून अधिक बायकांवर झालेल्या अभ्यासात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीनं गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. तो अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला.

कायद्याची वाट आहे. १९९५ च्या शांता खटल्यापासून पैसे घेऊन उपचार करणारा दवाखाना ग्राहक न्यायालयात येतो; सगळ्यांनाच फुकट सेवा देणारा येत नाही. मात्र प्रत्येक चुकलेला अंदाज हा हलगर्जीपणा नव्हे, असं २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालानं बजावलं, आणि ते योग्यच आहे. डॉक्टरनं काय पाहिलं, काय सुचवलं, हे मग कागदावरूनच ठरतं. नेमका तोच कागद आपल्याकडे नसतो. घरातल्या पिशवीत चतकोर चिठ्ठी सापडते: दोन गोळ्यांची नावं, तारीख नाही, फोडाचा उल्लेखही नाही.

तेव्हा चिठ्ठीवर तारीख आणि तक्रार लिहून मागा. उपचाराची कागदपत्रं मागितल्यावर ७२ तासांत द्यावी लागतात, आणि ग्राहक आयोगात दाव्याची मुदत दोन वर्षांची आहे.