पंगतीबाहेरचे

अर्जेंटिनात एक खेळाडू होता, आगुस्तीन पिचोत. रग्बी हा धिप्पाड गड्यांचा खेळ, आणि हा अंगानं लहान. त्याची जागा स्क्रम-हाफची. दोन्हीकडचे गडी एकमेकांना रेटत असताना त्यांच्या पायांमागून चेंडू उचलायचा आणि क्षणात आपल्या माणसाकडे फेकायचा, हे त्याचं काम.

देशात या खेळावर पोट भरत नव्हतं. पिचोत युरोपात गेला, आधी इंग्लंडमध्ये, मग फ्रान्समध्ये क्लबांकडून खेळला. त्याचे सोबतीही असेच पांगलेले. एखादा दौरा किंवा वर्ल्ड कप आला की सगळे जमत, संपला की आपापल्या वाटेनं जात. युरोपातल्या सहा देशांची दरवर्षी स्पर्धा व्हायची, दक्षिणेतल्या तीन देशांची वेगळी. अर्जेंटिनाला दोन्हीकडे जागा नव्हती.

2007 चा वर्ल्ड कप फ्रान्समध्ये भरला. पहिलाच सामना यजमानांशी, आणि पिचोत कर्णधार. राष्ट्रगीत सुरू झालं तसं त्या आडदांड गड्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. ऐंशी मिनिटांनी अर्जेंटिना 17-12 नं जिंकला होता. तिसऱ्या क्रमांकाच्या लढतीत त्यांनी फ्रान्सला पुन्हा हरवलं, 34-10.

सगळ्यांनी पाठ थोपटली. पंगतीत मात्र लगेच कोणी बसवलं नाही.

मग देशाला जागा मिळावी म्हणून पिचोत बैठकांना जाऊ लागला. 2012 साली दक्षिणेच्या स्पर्धेत अर्जेंटिना चौथा देश म्हणून आला. पहिल्या वर्षी मेंडोसात दक्षिण आफ्रिकेशी 16-16 अशी बरोबरी झाली, तेवढीच कमाई. पहिला विजय 2014 मध्ये मिळाला.

इथं थांबला असता तरी कोणी नाव ठेवलं नसतं. पण 2016 मध्ये तो वर्ल्ड रग्बी या खेळाच्या जागतिक संघटनेचा उपाध्यक्ष झाला आणि दुसऱ्यांची भांडणं भांडू लागला. परका खेळाडू तीन वर्षं देशात राहिला की त्याला त्या देशाकडून खेळता येई. पॅसिफिक बेटांवरचे कितीतरी चांगले गडी असेच श्रीमंत देशांकडे जात. 2017 मध्ये ही अट पाच वर्षांची करायचं ठरलं.

2020 साली तो संघटनेच्या अध्यक्षपदाला उभा राहिला. मोठ्या देशांना तीन-तीन मतं, बऱ्याच लहानांना एकेक. तो 28-23 असा हरला. विरुद्ध उमेदवाराला अनुमोदन दिलं होतं त्याच पॅसिफिक बेटांमधल्या फिजीनं! पिचोत पदांवरून बाजूला झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अर्जेंटिनानं न्यूझीलंडला इतिहासात पहिल्यांदा हरवलं.

आपलं पान वाढलं गेलं की बाहेर ताटकळणारे सहसा आठवत नाहीत. पिचोतला आठवले. त्यांतल्या काहींनी त्याला साथ दिली नाही, पण म्हणून त्यांची बाजू घेणं काही चुकलं नव्हतं.

पाच वर्षांची ती अट आजही लागू आहे.